खडा टेकायच्या आत

मामा, खडा अजून टेकलेला नाही.

बाकी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण एवढं खात्रीनं सांगते. रोज सकाळी चूळ भरायच्या आधी मी तुझ्या अंगणात जाऊन वाकून बघते. जेसीबीच्या मागच्या बकेटच्या मधल्या दाताला तू बांधलेली सुतळी, सुतळीच्या टोकाला काळा खडा, आणि खड्याखाली मोकळी जागा. तू बकेटात दगड भरलेस, बूम, मशीनचा तो लांब हात, आभाळात उचललीस आणि इंजिन बंद केलंस, तेव्हा ती जागा वीतभर होती. अंगठा आणि करंगळी ताणून मोजून दाखवली होतीस.

"आता रातभर अशीच ऱ्हाऊ दे," तू म्हणालास. "सीलातनं तेल गळत आसंल तर वजनानं बूम खाली सरकंल. सकाळी खडा भुईला टेकला तर तुझा मामा नापास. न्हाई टेकला तर गावात पेढे."

सकाळी खडा होता तिथंच होता. तू मला अंथरुणातून ओढून बाहेर आणलंस. "बघ, केसभर तरी हालला का? कंपनीचा माणूस बी आसं सील बसवनार न्हाई!" मिशीवरून हात फिरवलास, चहा अर्धा ठेवलास आणि पुढच्या बकेटला तेलाचा होज पाईप आणायला मोटरसायकलवर जामखेडला निघालास. फाटकातून ओरडलास, "आलोच!"

दुकानदार सांगत होता की तू पाईप हातात घेतलास, वाकवून बघितलास, "ह्यो न्हाई, दुसरा दाखव" म्हणून त्याच्याशी भांडलास. दुसरा पसंत केलास. मग म्हणालास, जरा पाणी द्या. तो पाणी घेऊन वळेपर्यंत तू बाकावर टेकला होतास आणि तुझी मान कलली होती. एवढंच. याच्यापेक्षा जास्त काही घडलंच नाही. मी त्याला चार वेळा विचारलं, मग पुढं? मग काय झालं? तो बिचारा रडकुंडीला आला. मग काहीच नाही, ताई.

होज पाईप आणि तू एकाच टेम्पोतून घरी आलात. टेम्पोवाल्यानं आधी पाईप माझ्या हातात दिला. मी तो धरून उभी राहिले. माणसं तुला उतरवत होती आणि मी पाईप धरून उभी होते, कारण तो खाली ठेवला तर त्यात माती जाईल आणि तू ओरडशील, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं, मामा. पाईपाच्या तोंडाला लावलेली प्लास्टिकची टोपणं मी दाबून बघत होते.

तेव्हापासून मशीन तशीच आहे, हात वर करून. तुझ्या सगळ्या कार्याला आलेली माणसं तिच्याकडे बघत बघत आली आणि तिच्याकडे बघत बघत गेली. पहिल्याच दिवशी कुणीतरी बूमच्या सावलीला बसलं, तशी आई तरातरा उठली. तुझी आक्का रडणं बाजूला ठेवून कुंपणातल्या बाभळीच्या काट्या ओढत घेऊन आली आणि बकेटखालच्या जागेला तिनं काट्यांचं रिंगण घातलं. "वर उचललेल्या मशीनखाली कोन बसतं का, रे? अक्कल हाय का?" हे वाक्य तुझं. तुझ्याच आवाजात म्हणाली.

दहाव्याला भावकीतले एक जण म्हणाले, "बरं दिसत न्हाई. कुनीतरी खाली घ्या ते." मामीनं मान हलवली. "त्यानं वर ठिवलंय. त्यालाच घिऊ द्या खाली."

मीसुद्धा वाद घातला नाही. आणि मी गप्प बसले म्हणजे परिस्थिती काय असेल, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

*

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. हे मला अजिबात मान्य नाही. माणूस वादात हरला तर उठून जातो, हे मी शंभर सभांमध्ये बघितलंय. पण तू हरला नव्हतास, जिंकलाही नव्हतास. तू नुसता उठून गेलास.

भांडण काय होतं ते पुन्हा मांडते, म्हणजे ऐकणारा कुणी असेल तर त्याला कळेल.

मी शाळेत होते. गावाच्या वरच्या अंगाला रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं होतं. मस्टरवर गावातल्या बायाबापड्यांची नावं चढली, आणि खोदायला मात्र ठेकेदारानं जेसीबी आणला. नावं माणसांची, काम मशीनचं. आईनं आदल्या दिवशी पत्रक काढलं. शाई माझ्या बोटांना लागली होती, कारण घड्या मी घातल्या होत्या. आमच्या घरात माणसं वाढली ती भाकरीवर आणि पत्रकांवर. बाराखडीच्या तक्त्याआधी मी "कामाचा हक्क" वाचायला शिकले. दुसऱ्या दिवशी आई आणि गावातल्या बायका मशीनपुढं जाऊन बसल्या.

आणि मशीनच्या सीटवर तू होतास.

हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी बांधावरून बघत होते. आईनं पदर खोचला आणि वर बघून म्हणाली, "आन लक्ष्मन, आन पुढं." तू बकेट उचलून धरलेलं होतंस. इंजिन धडधडत होतं. मग ते थांबलं. तू किल्ली काढून खिशात टाकलीस, खाली उतरलास, पायातल्या चपला झटकल्यास आणि कुणाकडंही न बघता घराकडं चालू लागलास. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं दुसरा ऑपरेटर आणला, पण तोवर तिथं तीन गावच्या बायका येऊन बसल्या होत्या. शेवटी मशीन गेली आणि माणसं कामाला लागली.

यावर तुझं आयुष्यभराचं म्हणणं काय? "डिझेल संपलं हुतं."

किती वेळा विचारलं मी तुला! कधी गोडीत, कधी चिडून, कधी लोकांदेखत. प्रत्येक वेळी तेच. "मी कुठं थांबवली? डिझेल संपलं हुतं. आता डिझेलच न्हाई म्हणल्यावर मानूस घरी जाईल का तिथं आरती म्हनत बसंल?" संघटनेच्या मेळाव्यात मी भाषणात तुझं उदाहरण दिलं, एका चालकानं बहिणीसमोर मशीन बंद केली म्हणून. तू मागच्या रांगेतून उठून सगळ्यांसमोर ओरडलास, "खोटं हाय! डिझेल संपलं हुतं!" लोक पोट धरून हसले. मला इतका राग आला होता की मी घरी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही.

कारण माझा मुद्दा साधा होता आणि आजही आहे. डिझेल संपलं म्हणून कुणाला कामावरून काढत नाहीत, मामा. तुला काढलं. त्यानंतर तालुक्यात कुणी तुला मशीनवर बसवलं नाही. तू, दोन बोटांत लिव्हर धरून बकेटच्या दातानं नारळ फोडणारा ऑपरेटर, मामीबरोबर पुन्हा कोयता घेऊन ऊसतोडीला गेलास. सगळे हंगाम गेलास. पालावर थंडीत पाठ धरली की मामी शेक द्यायची आणि तू तिला सांगायचास, "मालकाला माझं तोंड आवडत नव्हतं, दुसरं काय." तुझं तोंड कुणालाच आवडत नव्हतं, हे खरंय. पण नोकरी तोंडामुळं गेली नाही.

*

आणि मग तू तीच मशीन घरी आणलीस.

ट्रेलरवरून अंगणात उतरली तेव्हा तिच्यावर पिवळा रंग कमी आणि गंज जास्त होता. मागची एक काच फुटलेली, सीटच्या फोममध्ये चिमण्यांनी घर केलेलं, बूमच्या पिना इतक्या झिजलेल्या की हात लावला तरी खडखडायचं. मी दारातच उभी राहिले. पुढच्या बकेटवरच्या ठिगळावरून मी तिला ओळखलं.

"ही?" मी म्हणाले. "हीच मिळाली तुला? आईच्या अंगावर घालायला आणलेली मशीन तू आपल्या दारात आणलीस?"

"भंगारात पडली हुती. गॅस कटर लावनार हुते तिला." तू ट्रेलरची साखळी सोडत होतास. "वळखीचं मानूस रस्त्यात बेवारस पडलं तर उचलायचं न्हाई व्हय?"

"ते माणूस नाही. ते यंत्र आहे."

"मंग यंत्रावर राग कशाला धरती? तूच लिवलं हुतंस ना त्या लाल कागदात? 'यंत्र वाईट नसतं, यंत्राची मालकी वाईट असते.' मी भाकरी बांधून नेल्ती त्याच्यात, वाचलंय मी."

माझाच मजकूर माझ्या तोंडावर मारलास. मी म्हणाले, "बरोबर. आता मालक तू झालास. आता तुझ्याविरुद्ध पत्रक काढते."

"काढ. पर आधी तो पाना दे."

मी दिला. हीच माझी चूक झाली म्हणायची, कारण त्यानंतर रोज संध्याकाळी तू अंगणातून हाळी द्यायचास, "क्रांते! ए क्रांते! क्रांती आली का न्हाई आजून?" आणि शेजारची म्हातारी न चुकता उत्तर द्यायची, "आमच्या जन्मात न्हाई यायची, बाबा, तू तुझं काम कर." आईनं माझं नाव ठेवताना या अंगणाचा विचार केला नव्हता.

मी येत राहिले. ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालत राहिले आणि भांडत राहिले. तू पिना ठोकून काढायचास, मी मालकीचा प्रश्न मांडायचे. तू बुश बसवायचास, मी विचारायचे की ही चालू झाल्यावर कुणाच्या कामावर जाणार. बैल विकून किती वर्षं झाली, तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी तू हळद आणि तूप घेऊन आलास आणि बैलाचे खांदे मळतात तशी मशीनच्या बूमची मान मळलीस. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्याला आता आमटी-पोळी बी घाला." तू म्हणालास, "उद्या. उद्या घालायची आसती. आज नुसतं आवतन." आणि खरंच कानात बोलल्यासारखं बूमला तोंड लावून म्हणालास, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." अंधश्रद्धेविरुद्ध भाषण द्यायला मी तोंड उघडलं आणि हसूच फुटलं.

इंजिन पहिल्यांदा पेटलं तेव्हा काळ्या धुरानं मामीच्या वाळत घातलेल्या साड्या गेल्या. त्या आवाजावर आई पलीकडच्या घरातून धावत आली आणि फाटकात थबकली. तू सीटवर, ती समोर. इंजिन धडधडतंय. मी दोघांकडे बघत होते. आज बोलणार, मला वाटलं. आज काहीतरी बोलणार. तू ओरडलास, "आक्का, बाजूला व्हय, ब्रेक आजून लागत न्हाईत!" आणि आई हसत हसत बाजूला झाली. एवढंच.

तुम्ही दोघं त्या दिवसाबद्दल एकमेकांशी कधीच बोलला नाहीत. मी आईला विचारलं होतं, की डिझेल खरंच संपलं होतं का गं? ती म्हणाली, "मी त्याला कधी इचारलं न्हाई. तू बी इचारू नको." मी ऐकलं नाही, ते तुला माहीतच आहे.

मशीनचा डॅशबोर्ड उघडल्यावर तर मला पुरावाच सापडला. डिझेलचा काटा तुटून आत पडलेला होता. "कधीपासून तुटलाय?" मी विचारलं.

"मी बसायच्या आधीपासून."

"मग तुला कसं कळलं रे, डिझेल संपलं ते?"

तू सीटवरून माझ्याकडे असं बघितलंस, की या पोरीचं काय करावं. "ऑपरेटरला ढुंगनाला कळतं," तू म्हणालास. "तुला न्हाई कळायचं. तुझं सगळं डोस्क्यात."

शेवटच्या संध्याकाळी, सुतळीला खडा बांधताना, तू मला विचारलंस, "पाईप बसला की झालंच. मंग पहिलं बकेट कुठं मारायचं, सांग."

मी म्हणाले, "कुठंच नाही. ही मशीन जिथं जाईल तिथं कुणाच्या तरी हातातलं टिकाव-फावडं जाणार. तू चांगला मालक असशील, पण भाड्यानं बोलावणारा कोण असेल?"

तू चिडला नाहीस. टाकीत कॅनमधलं डिझेल ओतत होतास, काठोकाठ. झाकण लावलंस आणि म्हणालास, "लई अवघड सवाल इचारती गं तू." मग कॅन खाली ठेवून, "उद्या सांगतो."

उद्या सांगतो, म्हणालास. मी दुसरं काही मागत नाही. हे तेवढं दे.

*

इथवर काल लिहिलं होतं. आज जे झालं ते लिहिते आणि थांबते.

ठेकेदाराचा माणूस तेराव्याच्या आधीही येऊन गेला होता. ठेकेदार तुझ्या वेळचा नाही, पण धंदा तोच. वरच्या तलावातला गाळ काढायचं काम रोजगार हमीत निघालंय, मस्टर तयार आहे. चालू स्थितीतली मशीन आणि दारात ऑपरेटर नाही, याचा वास त्यांना बरोबर लागला. त्या वेळी मामी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. तिथूनच म्हणाली, "मशीन टेस्टिंगला हाय." तो म्हणाला, "कुणाच्या?" ती म्हणाली, "ज्याची हाय त्याच्या." तो निघून गेला. सगळ्यांना वाटलं, दुःखात आहे, काहीतरी बोलतेय. मलाही वाटलं. आणि खरं सांगते, मला भीती वाटली. मामीच्या कमरेत ऊस तोडायचं बळ आता नाही, आणि दारात लोखंड उभं आहे. ते तिनं दिलं तर तिला बोलायचा हक्क मला कुठला? पत्रक तिच्यावर काढू?

आज सकाळी मी वाकून बघितलं तेव्हा खड्याखाली बोटभर जागा राहिली होती. एका रात्रीसाठी लावलेल्या परीक्षेत तुझी सीलं एवढे दिवस उभी होती, पण उतरत होतीच. मी उठून वळले तर मागं मामी. तीही वाकून बघत होती. म्हणजे ती रोज बघत होती. माझ्याआधी उठून.

"आज टेकंल," ती म्हणाली.

मी पुन्हा एकदा वाकून बघितलं.

"क्रांते, बस वर. खाली घे."

"मामी, तूच म्हणाली होतीस ना, त्यालाच घेऊ दे म्हणून."

"व्हय, म्हनाले हुते." तिनं पदरानं नाक पुसलं. "पर खडा टेकायच्या आत घे. टेकला तर नापास व्हईल त्यो. माझ्या दारात मी त्याला नापास हुऊ देनार न्हाई."

आईला बोलावलं. तिनं काट्या बाजूला ओढल्या आणि बकेटपासून लांब, पण बरोबर समोर, मला दिसेल अशी उभी राहिली. मी सीटवर चढले. सीटवर तुझं ग्रीसचं फडकं होतं. मी ते उचललं नाही, त्याच्यावरच बसले. तू शिकवलेलं आठवलं. बूम वर जायला इंजिन लागतं, खाली यायला तिचं वजन पुरतं. लिव्हर हातानं धरायची नाही. दोन बोटं. झोपलेलं लेकरू खाली ठेवतात तशी ठेवायची.

आईनं हात वर केला. ज्या मशीनपुढं ती बसली होती त्याच मशीनला ती आता हातानं बोलवत होती. "येऊ दे," ती म्हणाली. "येऊ दे... हळू... येऊ दे..." बूम हलली. "येऊ दे..." सुतळी सैल पडली, खडा आडवा झाला, बकेट भुईपासून हातभर राहिलं. "बास," आई म्हणाली, आणि नेमकी त्याच वेळी माझी बोटं लिव्हरवर जास्त दाबली गेली. धप्प! दगड भरलेलं बकेट अंगणात आपटलं. धूळ उडाली, कोंबड्या ओरडत पळाल्या.

मग मामी हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. "त्यो आसता तर," ती म्हणाली, "काय शिव्या घातल्या आसत्या तुला!" आणि हसता हसता ती तिथंच मातीत बसली, बकेटला टेकून, आणि आम्हाला तिचं रडणं तेव्हा ऐकू आलं. आई तिच्याशेजारी जाऊन बसली. मी वरच होते. मला खाली उतरता येत नव्हतं. हे सगळं खरं आहे हे मला त्या धप्प आवाजानं कळलं, मामा. तोपर्यंत तू जामखेडला होतास.

पहिलं बकेट तुझ्याच अंगणात पडलं. मधल्या दातानं भुईत चांगलं भोक पाडलंय.

आम्ही अजून तशाच होतो, तेवढ्यात फाटकात मोटरसायकल वाजली. ठेकेदाराचा माणूस. बूम खाली आलेली त्यानं लांबूनच बघितली असणार. आत येऊन मशीनभोवती फिरला, टायर दाबून बघितला, टाकीवर बोटांनी टकटक केलं. भरलेली टाकी कशी बोलते ते त्यालाही कळतं.

"टेस्टिंग झालेलं दिसतंय, मावशी," तो म्हणाला. "मग उद्यापास्नं पाठवता का? ऑपरेटर आमचा. तिथं बायका जमायच्या आत दोन दिवसांत काम उरकतो."

मी सीटवर उठून उभी राहिले. तोंडात सगळं तयार होतं, हक्क, मस्टर, कायदा, सगळं. पण मामी माझ्याआधी उठली. तिनं लुगड्याची माती झटकली. त्याच्याकडं बघितलं नाही. आईकडं बघितलं.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली. "डिझेल संपलंय."